गाडीचा रंग बदलायचाय, कलर पीपीएफ लावू का? नेहमी येणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि गाडी दाखवायला आलेल्या जवळपास प्रत्येकाकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. आमचं काम पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पेंट वाचवायला गाडीवर लावायची फिल्म) लावायचं आणि तेही पश्चिम महाराष्ट्रातलं, त्यामुळे इथली धूळ, इथला पाऊस, उसाच्या ट्रॉल्या आणि इथलं आरटीओ हे डोक्यात धरून उत्तरं दिलीयत. दर सगळे ढोबळ आहेत, गाडी बघितल्याशिवाय नक्की दर सांगता येत नाही आणि जो फोनवरच "फायनल" सांगतो त्याच्याकडे जाताना जरा जपून.

कलर पीपीएफ म्हणजे नक्की काय? व्हायनल रॅपच ना ते?

नाही. दिसायला दोन्ही सारखे दिसतात आणि इथेच बरीच लोकं फसतात. व्हायनल रॅप म्हणजे पीव्हीसीची पातळ शीट, साधारण ८० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिचं काम फक्त रंग दाखवणं. पीपीएफ म्हणजे टीपीयू, थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, ही जाड आणि रबरासारखी ताणणारी फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन, काही त्याहून जाड पण येतात. मूळ ही वस्तू गाडीसाठी बनलेलीच नव्हती, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खडे लागून नुकसान व्हायचं ते थांबवायला थ्री-एम कंपनीने अशी फिल्म आणली, मग ती रेसिंगच्या गाड्यांवर आली आणि मग आपल्याकडे. बरीच वर्षं पीपीएफ म्हणजे पारदर्शकच असायची. आता त्याच टीपीयूमध्ये रंग घालून कलर पीपीएफ येते, म्हणजे खडा पण झेलते आणि रंग पण बदलते.

लावायची पद्धत पण वेगळी. व्हायनल कोरडं लावतात, हीट गन मारत मारत. पीपीएफ ओली लावतात, खाली साबणाचं पाणी मारून ती जागेवर सरकवायची आणि मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर काढायचं. म्हणून व्हायनलचा चांगला कारागीर पीपीएफचा पण चांगलाच असेल असं काही नाही.

आरटीओचं काय? पोलिस पकडतात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यालाच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. "काही होत नाही साहेब, फिल्म आहे, पेंट थोडीच आहे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच.

आता खरं काय ते. तुमच्या आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी पाहिजे, आणि मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची. कायद्यात बसत नाही असा बदल मालकाने केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. फिल्म काढता येते त्यामुळे तिला रंगबदल म्हणायचं का नाही यावर अधिकाऱ्यागणिक वेगळं मत ऐकायला मिळतं, पण रस्त्यावर अडवणारा हवालदार फिल्म आहे का पेंट हे नखाने उचकटून बघत बसत नाही, आरसीवर पांढरा आणि समोर गाडी निळी एवढंच त्याला दिसतं. गाडी चोरीची तर नाही ना ही शंका पहिली तिथेच येते.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे, पूर्ण गाडीचा रंग बदलताय तर आधी आरटीओत विचारा, अर्ज करा, आरसीत नवीन रंग लावून घ्या. गाडीवर लोन असेल तर बँकेचं किंवा फायनान्सवाल्याचं लेखी संमतीपत्र आधी घ्या, कारण त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आणि हो, उद्या फिल्म काढली की मूळ रंगासाठी परत तीच नोंद करावी लागेल, हे कुणी सांगत नाही.

२०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा मेसेज पण खूप फिरतो, "मॉडिफिकेशनवर बंदी" वगैरे. त्या निकालात भर आहे तो कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीत बदल करायचे नाहीत यावर. तो वाचून रंगासाठी घाबरायची गरज नाही पण तो दाखवून आरटीओ टाळता पण येणार नाही.

मिलिटरी ग्रीन पाहिजे, मिळेल का?

ऑलिव्ह ग्रीन नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. थार आणि जिमनीवाले हमखास हाच मागतात. वेगळ्या छटेतले हिरवे भरपूर आहेत, कॅटलॉग बघायला या, पण शेड जर जवळपास तोच दिसत असेल तर आम्ही लावून देत नाही, दुसरीकडे कुणी देईल.

आरसीतला रंग न बदलता गाडी वेगळी दिसेल असं काही आहे का?

आहे आणि दहातल्या निम्म्या लोकांना आम्ही हेच सुचवतो. मॅट किंवा सॅटिन फिनिशची पारदर्शक पीपीएफ. पांढरी गाडी पांढरीच राहते, लाल लालच, पण चकाकी जाऊन अशी मऊ झाक येते की शेजारचा दोनदा वळून बघतो. रंग तोच म्हणजे आरसीची भानगड नाही, प्रोटेक्शन पूर्ण, आणि दार उघडल्यावर आतला रंग वेगळा दिसायचा प्रश्नच नाही. ग्रे, गडद निळा आणि लाल यांच्यावर मॅट फार भारी दिसतं. पर्ल व्हाइटवर ती मोत्याची चमक दबते, हे आधी सॅम्पल लावून बघा.

फक्त छत ग्लॉस ब्लॅक करणं हा दुसरा प्रकार. कंपन्याच आता ड्युअल टोन गाड्या देतात त्यामुळे विचित्र दिसत नाही आणि खर्च पण आवाक्यात.

खर्च किती?

सध्याचे आमच्या भागातले ढोबळ आकडे सांगतो. हॅचबॅक ते मिड एसयूव्ही धरून, बऱ्यापैकी व्हायनल रॅप ५० ते ९० हजार, चांगली पारदर्शक टीपीयू ७० हजार ते दीड लाख, कलर टीपीयू सव्वा लाख ते अडीच लाख. मोठी गाडी, किचकट बंपर, इम्पोर्टेड फिल्म असेल तर वर जातं. जीएसटी १८ टक्के वेगळा आहे का धरून आहे ते आधीच विचारा, शेवटच्या दिवशी यावरूनच वाद होतात.

एवढे पैसे घालायचे का? तुम्हाला रंगही बदलायचाय आणि पेंटही वाचवायचाय, म्हणजे दोन्ही पाहिजे, तरच कलर पीपीएफ परवडते. फक्त पेंट वाचवायचा असेल तर पारदर्शक घ्या. फक्त दोन वर्षं वेगळा रंग मिरवायचा असेल, नंतर दुसरा, तर व्हायनल घ्या. हे बोललो की दुकानातले पोरं माझ्याकडे बघतात, पण खरंय ते.

दार उघडल्यावर जुना रंग दिसणार का?

दिसणार. बाहेरचं सगळं निळं केलं तरी दाराच्या आतली चौकट, डिकीची आतली कड, बॉनेटची खालची बाजू, पेट्रोलच्या झाकणाच्या आत, इथे कंपनीचा मूळ रंग राहतो. दाराच्या चौकटीत फिल्म लावता येते पण तिथे सील, बोल्ट, वायरिंगचं रबर, वळणं एवढी असतात की पार्ट खोलावे लागतात आणि मजुरी चांगलीच वाढते. बरेच जण नंतर येऊन म्हणतात "अहो दार उघडलं की पांढरं दिसतंय", म्हणून आता आम्ही बुकिंगच्या आधीच दार उघडून दाखवतो की बघा, हे असं राहणार.

पांढऱ्या गाडीला काळी करताना हे सगळ्यात जास्त खटकतं, दाराच्या फटीत पांढरी रेघ चमकते. काळ्या किंवा गडद ग्रे गाडीवर गडद निळा, गडद हिरवा, कॉफी असले रंग घेतले की फटीकडे लक्षच जात नाही.

रंग कसा निवडायचा? फोनवर फोटो पाठवा ना.

फोटोवर रंग ठरवू नका. चेंजिंग शेड असेल, म्हणजे कोनाप्रमाणे जांभळा-हिरवा होणारा, तर नक्कीच नको. सॅम्पलचा छोटा तुकडा हातात घेऊन पण अंदाज येत नाही कारण तो सपाट असतो आणि गाडीला गोलाई असते. बॉनेटवर निदान हातभर तुकडा लावायला सांगा, ऊन, सावली आणि रात्री ट्यूबलाइट अशा तिन्हीत बघा, घरच्यांना पण दाखवा. आमच्याकडे एक गृहस्थ मॅट काळा ठरवून आले होते, वहिनींनी तुकडा बघितला आणि "ही काय शववाहिका करायचीय का" म्हणाल्या, विषय तिथेच संपला. शेवटी नार्डो ग्रेसारखा साधा राखाडी शेड घेतला आणि आज दोघंही खूश.

मॅट काळ्यावर आपल्याकडची धूळ आणि तेलकट बोटांचे ठसे भयंकर दिसतात हे पण लक्षात ठेवा. रोज गाडी पुसणारे असाल तरच घ्या.

कुठली कंपनी चांगली? डुप्लिकेट कशी ओळखायची?

बाहेरच्यांत एक्सपेल, स्टेक, सनटेक, लुमार ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. आपल्याकडची गरवारे पण पीपीएफ बनवते, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्याला त्यांचे कारखाने आहेत, म्हणजे फिल्म म्हटलं की परदेशीच पाहिजे असं काही राहिलेलं नाही. कलरमध्ये प्रत्येकाची रेंज वेगळी, तुम्हाला पाहिजे तो शेड कुणाकडे आहे त्यावर कंपनी ठरते बऱ्याचदा.

डुप्लिकेटचं म्हणाल तर बाजारात पीव्हीसीला टीपीयू म्हणून विकणारे आहेत, टीपीएच नावाने पण एक प्रकार फिरतो तो पण मुळात पीव्हीसीच्याच जवळचा. कापलेली पट्टी मागा आणि दोन्ही हातांनी ताणा. चांगली टीपीयू लांब ताणते आणि सोडली की हळूहळू परत मूळ जागी येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते नाहीतर पांढरट पडते. टीपीयूतही दोन जाती आहेत, अ‍ॅरोमॅटिक जात उन्हात पिवळी पडते आणि अ‍ॅलिफॅटिक टिकते. हे हाताला कळत नाही, त्यासाठी रोलच्या खोक्यावरचा सिरियल नंबर तुमच्यासमोर बघून कंपनीच्या साइटवर वॉरंटी रजिस्टर करून घ्या, गाडी नेताना नाही, काम चालू करताना. "दहा वर्षं वॉरंटी" असं दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिलं तर ती त्या दुकानाची वॉरंटी, दुकान बंद झालं की संपली.

वॉरंटीत काय बसतं ते पण वाचा. साधारण पिवळं पडणं, तडकणं, कडा सुटणं, बबल हे बसतं. दगड लागून फाटली, कुणी किल्लीने ओढली, पक्ष्याची घाण आठवडाभर राहिली, हे बसत नाही.

फिल्म महत्त्वाची का लावणारा?

लावणारा. भारीतली भारी फिल्म कच्च्या हातात दिली की सहा महिन्यांत कडा वर येतात, आणि मध्यम फिल्म पक्क्या हातात दिली तर वर्षानुवर्षं हलत नाही.

कसं ओळखायचं ते सांगतो. चकाचक दुकान, एसी, कॉफी याच्यावर जाऊ नका. त्याने आधी केलेली, निदान वर्ष झालेली गाडी दाखवायला सांगा. नवीन केलेली सगळ्यांचीच छान दिसते. त्या गाडीच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, फॉग लॅम्पच्या आतल्या वळणात, दाराच्या हँडलच्या खोबणीत आणि आरशाच्या खाली बघा. कामाची खरी परीक्षा या चार जागांवर होते. फिल्म कडेवरून आत दुमडलीय का कडेलाच कापलीय? मध्येच जोड आहे का? जोड असेल तर आधी सांगितला होता का? बंपर फार वळणदार असेल तर जोड द्यावा लागतो, तो गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे.

मग विचारा की कटिंग कसं करता. प्लॉटरवर, म्हणजे फिल्म कापायच्या मशीनवर, गाडीच्या मापाने कापून आणतात ती एक पद्धत, मोठी शीट टाकून गाडीवरच ब्लेडने कापतात ती दुसरी. दुसरी पद्धत वाईट असं नाही, कडा छान आत जातात, पण ब्लेडचा हात जरा जड पडला की खालच्या पेंटवर केसाएवढी रेघ ओढली जाते. ती तेव्हा दिसत नाही. फिल्म काढाल त्या दिवशी दिसते, तोपर्यंत लावणारा कुठे असेल कुणास ठाऊक. कलर फिल्ममध्ये तर खालचं काहीच दिसत नसल्यामुळे हा धोका जास्त.

मेटॅलिक शेड असेल तर आणखी एक. फिल्मला दिशा असते. रोल साधारण दीड मीटर रुंद आणि १५ मीटर लांब येतो, आणि काही जण फिल्म वाचवायला एक दार आडवं आणि एक उभं कापतात. सावलीत काही कळत नाही, उन्हात उभी केली की दोन दारं दोन वेगळ्या शेडची दिसतात. तसंच अख्खी गाडी एकाच लॉटच्या रोलमधून करून घ्या, आणि उरलेला मोठा तुकडा मागून घरी ठेवा. पुढे एखादा आरसा किंवा कोपरा बदलायचा झाला तर तोच शेड परत मिळेल याची खात्री नसते.

गाडी जुनी आहे, एकदोन पॅनल पेंट केलेत. लावता येईल?

लावता येईल, पण काढताना काय होईल ते आधी समजून घ्या. कंपनीत पेंट साधारण १४० डिग्रीला भाजला जातो. गॅरेजमध्ये एवढी उष्णता देता येत नाही, वायरिंग आणि प्लास्टिक वितळेल, म्हणून तिथे ६० डिग्रीच्या आसपास बूथमध्ये सुकवतात, आणि साध्या गॅरेजमध्ये तर उन्हातच. त्यामुळे नंतर मारलेल्या पेंटची पकड कंपनीच्या पेंटएवढी नसते आणि फिल्म ओढताना पापुद्रा बरोबर येऊ शकतो. पुट्टी असेल तर नक्कीच भीती. आम्ही पेंट जाडीचं मीटर लावून प्रत्येक पॅनल मोजतो, कुठला पॅनल रिपेंट आहे ते मालकाला दाखवतो आणि सही घेतो. काही जणांना त्याच दिवशी कळतं की "सिंगल ओनर, नो अ‍ॅक्सिडेंट" म्हणून घेतलेल्या गाडीचं डावं अंग सगळं पेंट केलेलं आहे.

नुकताच पेंट केला असेल तर निदान महिनाभर थांबा, आतला थिनर पूर्ण उडायला हवा, नाहीतर फिल्मखाली बबल येतात. आणि डेंट, खड्ड्यासारख्या चिपा आधी नीट करा. रंगीत फिल्म ओरखडा झाकते पण खड्डा झाकत नाही, उलट ग्लॉस फिल्ममध्ये तो जास्त उठून दिसतो.

किती दिवस गाडी द्यावी लागेल?

पूर्ण कलरला तीन ते पाच दिवस. धुणं, क्ले (मातीसारख्या मऊ गोळ्याने पेंटवरची घाण काढणं), लोखंडी कण काढणं, डांबराचे डाग, पॉलिश यातच पहिला दिवस जातो. "उद्या संध्याकाळपर्यंत देतो" म्हणणारा हँडल, लोगो, लॅम्प न खोलता कडेकडेने कापणार आहे असं समजा.

घरी आणल्यावर आत पाण्याचे फुगे दिसतायत!

पाण्याचे असतील तर घाबरू नका, उन्हात काही दिवसांत जातात, पावसाळ्यात दोनतीन आठवडे पण लागतात. बोटाने दाबत बसू नका आणि सुई तर अजिबात टोचू नका. पंधरावीस दिवसांनी पण तसाच राहिलेला गोल फुगा हवेचा, आणि आत टोकदार कण दिसतोय तो धुळीचा. त्यासाठी परत या. एकदोन कण प्रत्येक गाडीत राहतात, काचेच्या खोलीत केलं तरी. बॉनेटवर दहाबारा असतील तर भांडा.

पहिला आठवडा गाडी धुऊ नका, कडांना बसायला वेळ द्या.

ओरखडे आपोआप जातात हे खरं का?

बारीक खरं. कापडाने पुसून पडणाऱ्या केसासारख्या रेघा वरच्या थरात असतात, त्या उन्हात किंवा गरम पाणी ओतलं की भरून येतात. उसाची ट्रॉली घासून गेली, सोसायटीतल्या पोरांनी सायकल टेकवली, किल्लीची ओढ, हे जात नाही. फिल्म फाटते पण बऱ्याचदा खालचा पेंट वाचतो, आणि त्याच्यासाठीच तर ती लावलीय.

नवीन गाडीची पूजा केली, हळदीकुंकवाचा डाग गेला नाही. काय करू?

दसरा-पाडव्यानंतरच्या आठवड्यात हा फोन ठरलेला. बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतात, हळदीची बोटं ओढतात आणि गाडी तशीच दोन दिवस मिरवत ठेवतात. ग्लॉस फिल्मवर लगेच पुसलं तर निघतं. मॅट आणि त्यातून पांढरी किंवा फिकट असेल तर रंग बारीक छिद्रांत उतरतो. हळदीचा डाग घासू नका, शाम्पूने हलक्या हाताने धुवा आणि गाडी उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, काही दिवसांत फिका होत जातो. कुंकवाचं तसं नाही, हल्लीच्या कुंकवात काय रंग असतो देव जाणे, ते घट्ट बसतं. कुणीतरी थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर सांगतं, ते लावलं की वरचा थरच जातो आणि तिथे कायमचा धुरकट डाग पडतो.

पूजा जरूर करा. फक्त स्वस्तिक काचेवर काढा, किंवा बॉनेटवर आधी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यावर काढा. झेंडूचा हार चिकटपट्टीने लावू नका, दोऱ्याने ग्रिलला बांधा आणि दुसऱ्या दिवशी काढा, ओल्या फुलांचा पण डाग पडतो. नारळ गाडीवर नाही, गाडीसमोर फोडा, हे सांगावं लागतं. रंगपंचमीला गाडी झाकून ठेवा आणि दिवाळीत फटाक्यांपासून लांब, ठिणगी पडली की फिल्मला भोक पडतं.

धुवायची कशी?

पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना खार) शाम्पू, दोन बादल्या, स्वच्छ मायक्रोफायबर. सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणारे दादा एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात वीस गाड्या करतात, त्यांना तुमच्या गाडीला फक्त पाणी मारायला सांगा नाहीतर नकोच सांगा. कोरडी धूळ फडक्याने झटकणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

वॉशिंग सेंटरला गेलात तर समोर उभे राहा. प्रेशरची नळी निदान फूटभर लांब पाहिजे आणि कडेवर तिरकी मारायची नाही, तिथूनच फिल्म उचलते. गाडीखाली डिझेल किंवा ऑइल मारायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, ते साफ नको म्हणा, त्याने कडांचा गोंद सुटतो. पेट्रोल भरताना ओघळ आला तर लगेच पुसा.

बोअरचं पाणी असेल तर धुतल्यावर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे ठिपके बसतात आणि गडद रंगावर ते फारच दिसतात. गणपतीला कोकणात जाऊन आलात की आधी कडांतली लाल माती जुन्या मऊ टूथब्रशने काढा. फिकट रंगाच्या फिल्मला कडेने काळपट रेघ दिसते ती अशीच साठलेली माती असते, फिल्म खराब झालेली नसते.

सेन्सर, कॅमेरा, नंबर प्लेट यांना त्रास?

पार्किंग सेन्सरवर फिल्म नको, गोल कापून सोडायची. अडासवाल्या, म्हणजे आपोआप ब्रेक मारणं वगैरे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम असलेल्या गाड्यांत पुढच्या लोगोमागे किंवा बंपरमागे रडार असतं, काही गाड्यांत मागच्या बंपरच्या कोपऱ्यात पण असतं, त्यांच्यावर मेटॅलिक कण असलेली फिल्म आली तर गडबड होऊ शकते. तुमच्या गाडीत रडार कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून लावणाऱ्याला सांगा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही, त्यामुळे प्लेट न काढता तिच्या कडेने काम करायला सांगा. हेडलाइटवर पारदर्शक फिल्म चालते, काळपट स्मोक आम्ही लावत नाही. काचांचं तर सगळ्यांना माहीतच आहे, पुढची-मागची ७० टक्के, बाजूची ५० टक्के आरपार दिसली पाहिजे.

इन्शुरन्स?

कंपनीला मेल करून कळवा की फिल्म लावलीय आणि रंग बदललाय, आरसीत नोंद झाली की ती पण पाठवा. न कळवता क्लेम केला तर सर्व्हेयरला वाद घालायला आयतं कारण मिळतं. ठोकल्यावर पॅनल पेंट होतो पण फिल्मचे पैसे आपोआप मिळत नाहीत, ती अ‍ॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत धरता येईल का ते एजंटला लेखी विचारा.

विकताना किंमत वाढेल?

नाही वाढत, उलट घेणारा शंका घेतो की खाली काहीतरी लपवलंय. जुन्या गाड्यांचे डीलर जाडीचं मीटर लावतात, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास दाखवतो, त्यावर फिल्म असली की आकडा ३०० च्या आसपास जातो आणि ते म्हणतात पुट्टी आहे. म्हणून फिल्म लावायच्या आधी प्रत्येक पॅनलवर मीटर ठेवून फोटो काढून घ्या, आकडा दिसेल असा. बाकी विकायच्या आधी फिल्म काढली आणि खाली पाच वर्षांपूर्वीचा कोरा पेंट निघाला तर सौदा चांगला होतो, ते आम्ही बघितलंय.

सिरॅमिक कोटिंग स्वस्त आहे, तेच करू का?

ते पेंटवर मारायचं पातळ द्रव कोटिंग, फिल्म नाही, ते वेगळं काम करतं. पाणी घसरतं, चमक येते, धुणं सोपं होतं. खडा थांबत नाही आणि रंग बदलत नाही. पीपीएफवर सिरॅमिक मारू शकता, सक्ती नाही.

टूरिस्ट गाडीला लावू शकतो?

पिवळ्या प्लेटच्या गाडीचा रंग परमिटशी बांधलेला असू शकतो. मुंबईची काळीपिवळी काळीपिवळीच राहणार, स्कूल बस पिवळीच. आरटीओला विचारल्याशिवाय हात लावू नका.

फिल्म काढायची कधी आणि कोण काढणार?

कडा जागोजागी उचलल्या, चिरा पडल्या, रंग विटला की काढायची, वॉरंटीची वर्षं संपायची वाट बघू नका. तडकलेली फिल्म अखंड निघत नाही, नखाएवढे तुकडे तुकडे निघतात आणि मजुरी दुप्पट होते. घरी यूट्यूब बघून हेअर ड्रायरने प्रयत्न करू नका, थंड फिल्म जोरात उभी ओढली की क्लिअर कोट, म्हणजे पेंटवरचा पारदर्शक थर, बरोबर येतो. ती गरम करून, पेंटला जवळजवळ समांतर ठेवून, सावकाश ओढायची असते. उरलेला गोंद त्याच्या रिमूव्हरनेच काढायचा, पेट्रोलने नाही. एकच पॅनल बदलायचा असेल तर तो जपून ठेवलेला तुकडा बरोबर घेऊन या, आणि येताना गाडी धुऊन आणू नका, कुठून माती आत शिरलीय ते बघायचं असतं.